हौदा झाकायचा, पण कशासाठी?

अमेरिकेत पिकअप ट्रक आता केवळ शेतकऱ्याचे किंवा सुताराचे वाहन राहिलेले नाही. शहरात नोकरी करणारी कुटुंबेही ते रोजच्या वापरासाठी घेतात. पुढे पाच जणांची केबिन आणि मागे उघडा हौदा. हा हौदा झाकण्यासाठी बाजारात बरेच प्रकार मिळतात: गुंडाळता येणारे जाड कापड, घडी होणारी ॲल्युमिनियमची पाने, बटण दाबताच सरकणारा पट्ट्यांचा पडदा. गाडी विजेवर चालणारी असली की विक्रेते एक मुद्दा हमखास पुढे करतात. झाकण घ्या, एका चार्जमध्ये गाडी जास्त अंतर जाईल! दावा खोटा नाही. पण त्यालाच निवडीचा पहिला निकष मानणे चुकीचे आहे.

मुळात फायदा किती? टेस्लाने 2025 मध्ये सायबरट्रकचा एक स्वस्त प्रकार आणला होता. त्याची सांगितलेली रेंज 350 मैल होती, आणि हौद्यावर कापडी झाकण घेतले तर 362 मैल. म्हणजे साधारण 19 किलोमीटरची, साडेतीन टक्क्यांच्या आसपासची वाढ. महामार्गावर पुढचे चार्जिंग केंद्र लांब असेल तर एवढेही अंतर मोलाचे. शहरात मात्र ते फारसे उरत नाही, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग अर्धा झाला की रोध एक चतुर्थांशावर येतो.

वाढ इतकी थोडी असण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. केबिनच्या टपावरून येणारी हवा थेट हौद्यात कोसळून मागच्या फाळक्यावर आदळते, असे अनेकांना वाटते. म्हणून काही जण इंधन वाचवायला फाळका खाली पाडून गाडी चालवतात. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक संथ भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत मागे निघून जाते. हवा स्वतःच हौद्यावर एक ओबडधोबड झाकण घालते म्हणा ना. फाळका पाडला की हा भोवरा विस्कटतो आणि बहुधा तोटाच होतो. खरे झाकण या भोवऱ्याच्या कामात थोडी सुधारणा करते, इतकेच. ती सुधारणा ताणून बसवलेले साधे कापडही करते. रेंजसाठी मोटारीवर चालणारे महागडे झाकण घेण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्याची गुंडाळी ठेवायची पेटी हौद्यातच बसते, आणि फोर्डच्या एफ-150 लाइटनिंगचा हौदा मुळात साडेपाच फुटांचा, रिव्हियनच्या आर1टीचा तर साडेचार फुटांचा. शिवाय सरकत्या पट्ट्यांत धूळ-बर्फ अडकण्याची कटकट असतेच. रिव्हियनला आपले सुरुवातीचे विजेवर सरकणारे झाकण मागे घेऊन नव्याने आखावे लागले होते.

चोरीची भीती हे कडक झाकण घेण्याचे दुसरे कारण. लाइटनिंगमध्ये मात्र इंजिनाच्या जागी सुमारे 400 लिटरचा कुलूपबंद कप्पा आहे. लॅपटॉप आणि किमती हत्यारे तिथे मावत असतील तर हौद्यासाठी कापडही पुरेल.

खरा विचार करायला हवा तो झाकणाखाली काय, किंवा कोण, असणार याचा. 1992 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या 20 मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. ही सगळी मुले पिकअपच्या मागच्या भागात बसून प्रवास करत होती. 17 जण कडक छताखाली, तिघे ताडपत्रीखाली. एक मूल दगावले. (टेम्पोच्या हौद्यावर ताडपत्री टाकून वऱ्हाड नेणाऱ्यांनीही हे वाचावे असेच आहे.) विजेच्या गाडीला धुराडेच नाही, त्यामुळे तिच्या स्वतःच्या धुराचा धोका संपला. पण त्यातून ‘आता मागे बसायला हरकत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो घातक ठरेल. सीटबेल्ट तिथे आजही नाही. उन्हात तापलेल्या गडद झाकणाखाली हवाही खेळत नाही.

आणि अडकण्याचे काय? 1998 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अवघ्या तीन आठवड्यांत मोटारींच्या डिकीत अडकून 11 मुलांचा मृत्यू झाला. खेळता खेळता मुले आत शिरली होती. त्यानंतर नव्या मोटारींच्या डिकीला आतून उघडणारी, अंधारात चमकणारी कळ सक्तीची झाली. बाहेरून वेगळे विकत घेऊन बसवलेल्या झाकणाला अशी कळ असेलच असे नाही. कडक, कुलूप लागणारे झाकण म्हणजे हौद्याची डिकीच होते. घरात लहान मुले असतील तर रेंजच्या आधी हे विचारायला हवे: आतून ढकलून उघडते का? नसेल तर दुसरे पाहावे.

सामानाचेही तसेच. मांस, दूध, शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात ते फ्रिजमध्ये जावे, असे अमेरिकी कृषी खाते सांगते. ॲरिझोनातल्या जुलैत बंद हौदा हवेपेक्षाही गरम होऊ शकतो. किराणा झाकला म्हणजे सुरक्षित राहिला, असे नव्हे. इन्सुलिनसारखी औषधे तर केबिनमध्येच ठेवावीत.

हौद्यावर उंच टप बसवून त्यात झोपणाऱ्या हौशी भटक्यांसाठी विजेच्या गाडीची एक खरी सोय आहे. लाइटनिंगच्या काही प्रकारांत 9.6 किलोवॉटपर्यंत वीज देणारी व्यवस्था मिळते आणि तिचे सॉकेट हौद्यातही असतात. पेट्रोलचा जनरेटर किंवा कोळशाची शेगडी जवळ आणण्याची गरज उरत नाही, आणि बंद टपाखाली विष साठते ते यांच्यामुळेच. तेव्हा झाकण बसवताना ते सॉकेट त्याच्या पट्टीखाली दडत नाहीत ना, एवढे टेप लावून पाहून घ्यावे.