प्रेक्षक आहेत, गिऱ्हाईक नाहीत

एप्रिल 2017मध्ये सोनीने भारतातली ‘ॲनिमॅक्स’ वाहिनी गुंडाळली आणि तिच्या जागी चिल्ल्यापिल्ल्यांची ‘सोनी ये’ आणली. ॲनिमॅक्स 2004पासून जपानी ॲनिमे दाखवत होती आणि तिचा डोळा कॉलेजात जाणाऱ्या पोरांवर होता. मे 2018मध्ये ‘टूनामी’लाही टाळे लागले, ती जेमतेम सव्वातीन वर्षे चालली. मोठ्या मुलांसाठी म्हणून 2011मध्ये वाजतगाजत आलेली ‘सॉनिक’ पुढे ‘पकडम पकडाई’ आणि ‘शिवा’सारख्या चिमुरड्यांच्या कार्टूनांच्या पंगतीला जाऊन बसली. दर वेळी ऐकू आले ते एकच: मोठी माणसे कुठे कार्टून बघतात?

बघतात की! केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत परवा दोन कॉलेजकुमार कठड्याला टेकून उभे होते. मोबाइल एक, इअरफोनची एक बोंडी याच्या कानात, दुसरी त्याच्या. पडद्यावर तलवारी आणि जपानी आरडाओरडा. फेरी धक्क्याला लागली, फळी खाली आली, मागचा स्कूटरवाला हॉर्न मारून थकला, तरी यांची मान वर होईना. असल्याच पोरांनी 2025च्या सप्टेंबरात ‘डिमन स्लेयर’ या जपानी ॲनिमेच्या चित्रपटासाठी पहाटेच्या खेळांनाही गर्दी केली. त्याआधी जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटाने तीनशे कोटींच्या घरात गल्ला जमवला. तो काही केजीच्या मुलांनी खाऊच्या पैशातून भरलेला नाही.

मग वाहिन्यांना हे दिसत नाही काय? दिसते, पण हिशेबात धरता येत नाही. मुलांच्या वाहिनीचा भाव ठरतो तो 2 ते 14 वयोगटातल्या प्रेक्षकांवर. बिस्किटे, चॉकलेटे, दुधात घालायच्या पावडरी विकणारे जाहिरातदार त्याच गटासाठी पैसे मोजतात. वीस वर्षांचा तरुण तासभर खिळून बसला तरी या वहीत त्याची नोंद शून्य. उलट त्याच्या आवडीची मालिका चिमुरड्यांना कळली नाही, तर ते रिमोट दाबतात आणि आकडा घसरतो.

दुसरी गोम पुनःप्रक्षेपणाची. 2008पासून ‘पोगो’वर लाडू खाणाऱ्या छोटा भीमचा कोणताही भाग कधीही लावा, बिघडत काही नाही. दर चार-पाच वर्षांनी चिमुकल्यांची नवी तुकडी येते आणि जुना भाग तिला नवाच असतो. मोठ्यांची मालिका मात्र भागागणिक पुढे सरकते. मधले दोन भाग चुकले की धागा तुटतो, आणि एकदा शेवट कळला की दुपारच्या रतिबाला ती चालत नाही. ॲनिमेशनचा खर्च असा वारंवार दाखवूनच वसूल व्हायचा असतो.

तिसरी गोष्ट खेळण्यांची. अमेरिकेत कार्टून नेटवर्कवरची ‘यंग जस्टिस’ 2013मध्ये बंद पडली. मॅटेल कंपनीची खेळणी खपली नाहीत आणि तिचा पैसा आटला, हे निर्मात्यांपैकी ग्रेग वाइसमन यांनीच सांगितले आहे. मोठा प्रेक्षक कथेत रमतो, पण बाहुला विकत घेत नाही. हीच मालिका 2019मध्ये परतली ती वर्गणीवर चालणाऱ्या सेवेवर, जिथे बघणाराच पैसे देतो.

आपल्याकडे त्यात सरकारी नजरेची भर. ‘शिन-चॅन’चे मूळ चित्रकथारूप जपानमध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात आले. इथे त्यावरची कार्टून मालिका ‘हंगामा’ वाहिनीवर मुलांच्या वेळेत लागली, पालक ओरडले आणि 2008मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने ती बंद करायला लावली. पुढे काटछाट होऊन ती परतली. चूक वेळेची होती, शिक्षा मालिकेला झाली.

सगळ्या चित्रखेळांचे प्रेक्षक पोरेसोरेच असतात, ही समजूत तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर तरी कुणी बाळगू नये. पलीकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथीची एकेक पोथी उलगडत रामायण-महाभारत सांगत आली, ती अख्ख्या गावासाठी. पेडण्यातल्या देवळापुढच्या दशावतारी नाटकात संकासुर राक्षसाच्या माकडचेष्टांना पोरे खिदळतात, घाबरतातही. मग आख्यान सुरू होते, पोरे आईच्या मांडीवर झोपतात आणि म्हातारेकोतारे पहाटेपर्यंत जागतात. मांड एकच, पण वेळ वाटून दिलेली.

वाहिन्यांनाही याहून निराळे काही करायचे नाही. 2021च्या नियमांनी ओटीटीला 7, 13, 16 वर्षांपुढचे असे वयाचे शिक्के लावायला सांगितले. तसेच शिक्के टीव्हीला द्यावेत आणि रात्री दहानंतरचे दोन तास मोठ्यांच्या ॲनिमेशनला. त्या वेळी गाडी, मोबाइल, बँक यांच्या जाहिराती घ्याव्यात आणि मोजणीही पंधरा वर्षांपुढच्यांची करावी. तेवढे धाडस नसेल तर निदान प्रेक्षक नाहीत असे रडगाणे गाऊ नये. पोरे अजून बघताहेत, फक्त त्यांच्या वाहिनीवर नाही.