संगणक तयार घ्यावा कीं जुळवून घ्यावा?

दहावीचा निकाल लागला म्हणजे वऱ्हाडांतील मध्यम स्थितीच्या घरोघरीं एक चर्चा हटकून सुरू होते. मुलास अथवा मुलीस संगणक घेऊन द्यावयाचा हें ठरलेलें असतें. पैसा किती, हेंहि बहुधा ठरलेलें असतें. कारण तो कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या पट्टींतून, पतसंस्थेच्या कर्जांतून अथवा आईच्या भिशींतून यावयाचा असतो, व त्यांत मागाहून भर पडण्याचा संभव नसतो. राहतां राहिला प्रश्न इतकाच कीं, कंपनीनें खोक्यांत बंद करून पाठविलेला तयार संगणक आणावा, कीं सुटे भाग निवडून तो जुळवून घ्यावा? बाजारांत या दुसऱ्या प्रकारास ‘असेंबल’ म्हणतात. अमरावती व अकोला या दोन्ही गांवचे पालक हा प्रश्न घेऊन आम्हांकडे येतात. त्यांस आम्ही तोंडीं जें सांगतों, तेंच येथें सविस्तर लिहीत आहों.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत ‘अल्टेअर ८८००’ नांवाचें यंत्र निघालें, तें सुट्या भागांच्या रूपानें टपालानें घरीं येई, व घेणारानें एकेक भागास स्वतः डाग देऊन तें उभें करावें लागे. पुढल्याच वर्षीं निघालेल्या पहिल्या ‘ॲपल’ यंत्राची तर केवळ पाटी मिळे; पेटी, कळफलक व वीजपुरवठ्याची सोय ज्याची त्यानें पाहावी. १९८१ सालीं इंग्लंडांत ‘झेडएक्स ८१’ हा लहानगा संगणक विक्रीस आला. तो सुटा घेतल्यास किंमत ४९.९५ पौंड व तयार घेतल्यास ६९.९५ पौंड. म्हणजे स्वतःच्या हातांनीं जुळविण्याच्या श्रमाचें मोल त्या वेळीं बरोबर वीस पौंड होतें. त्याच सालच्या ऑगस्टांत ‘आय. बी. एम.’ कंपनीनें आपला घरगुती संगणक काढला, व तो बव्हंशीं इतरांनीं बनविलेल्या, बाजारांत मिळणाऱ्या भागांचा होता. त्यामुळें त्याची नक्कल करणें इतरांस सुलभ झालें, आणि पुढें आपल्याकडील दुकानदारांनाहि पेटी, पाटी व तबकडी एकत्र करून संगणक विकतां येऊं लागला. आपल्या देशांत १९८४-८५ सालीं सरकारच्या ‘क्लास’ योजनेंत कांहीं शाळांना ‘बी. बी. सी. मायक्रो’ यंत्रें मिळालीं होतीं. परंतु घरांत संगणक आला तो नव्वदीनंतर, आणि आला तो बहुधा जुळविलेला. पुढें २००१ सालीं ‘एम. एस.-सी. आय. टी.’ चा अभ्यासक्रम निघाल्यावर तर तालुक्याच्या गांवींहि संगणकाचे वर्ग उघडले.

‘जुळविलेला म्हणजे स्वस्त’ ही समजूत त्या काळची आहे, व आज ती धरून बसणें चुकीचें होईल. मोठ्या कंपन्या लाखोंनीं भाग घेतात. ‘विंडोज’ ही प्रणाली त्यांस घाऊक दरानें पडते, तर घरगुती ग्राहकानें ती रीतसर घ्यावयाची म्हटल्यास दहा हजारांच्या घरांत रक्कम जाते. त्यांतच २०२५ सालच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनीं स्मृतिपट्ट्यांचा, म्हणजे ‘रॅम’ चा, इतका उपसा केला कीं किरकोळ बाजारांत तिचे भाव कांहीं महिन्यांतच दुपटीहून अधिक झाले. तेव्हां चार पैसे वांचावेत एवढ्याच हेतूनें जो पालक सुटे भाग घेण्यास निघेल, तो बहुशः निराश होऊन परतेल.

असें असतांहि आमचें मत जुळविण्याच्याच बाजूचें आहे. वऱ्हाडांत संगणक जुना होऊन क्वचितच मरतो. त्यास ऊन, धूळ व वीज हीं तिघें मिळून मारितात. अकोल्याचा उन्हाळा काय असतो तें नव्यानें सांगावयास नको. २०२४ च्या मे महिन्यांत तर उष्णतेपायीं तेथें जिल्हाधिकाऱ्यांस जमावबंदीचें कलम लावावें लागलें होतें. अशा दिवसांत विजेचा दाब खालींवर होतो, दिवे मिणमिणतात, पुन्हां भडकतात; आणि घरांतील सर्वांत नाजूक वस्तु त्याच तारेवर चाललेली असते. अशा यंत्राच्या बाबतींत तें किती वेगानें चालतें यापेक्षां बिघडल्यावर तें किती दिवसांत उठून बसतें हें अधिक महत्त्वाचें, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे.

तो अनुभव असा. २०२२ च्या मे महिन्यांत एके दुपारीं आमच्या आळींतील वीज दोनदां गेली व दोनदां झटक्यानें आली. आमच्या घरचा संगणक एका कंपनीचा तयार, सुबक, निमुळत्या पेटीचा होता. तो बंद पडला. शेजारच्या घरचा जुळविलेला होता; तोहि बंद पडला. दोहोंत दोष एकच, वीजपुरवठा करणारा डबा, ज्यास ‘एस. एम. पी. एस.’ म्हणतात, तो जळाला होता. शेजाऱ्यांची नववींतील मुलगी वडिलांबरोबर बाजारांत गेली, नवा डबा घेऊन आली, चार स्क्रू काढून तिनें तो बसविला, व दिवेलागणीस त्यांचा संगणक सुरू झाला. आमच्या यंत्राची एक वर्षाची हमी केव्हांच सरली होती. आंतील डबा नेहमींच्या मापाचा नव्हता आणि त्याच्या तारांचें टोंकहि निराळेंच होतें. अमरावतींत तो मिळाला नाहीं, अकोल्यास मिळाला नाहीं; मागवून येण्यास पांच आठवडे लागले. तेवढ्या अवधींत आमच्या मुलाच्या एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज शेजाऱ्यांच्या घरीं बसून भरावा लागला. शेजाऱ्यांनीं चहाहि दिला, हें त्यांचें सौजन्य!

यावरून तयार यंत्रें वाईट असतात असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्यांची बांधणी पुष्कळदां अधिक नेटकी असते. परंतु कित्येक तयार संगणकांत डबा व मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, हीं त्या त्या कंपनीच्याच घाटाचीं असतात, आणि तीं बिघडलीं कीं ग्राहक त्या कंपनीच्या दारांत बांधला जातो. जुळविलेल्या यंत्राचा कोणताहि अवयव कोणत्याहि बऱ्या दुकानांत मिळतो. शिवाय भागाभागाची हमी निरनिराळी व बहुधा दीर्घ असते: प्रोसेसर व मदरबोर्ड यांची सामान्यतः तीन वर्षें, बऱ्या एस. एम. पी. एस. ची तीन ते पांच वर्षें.

आतां जुळवितांना लोक कोठें फसतात तें सांगतों. पहिली फसगत त्याच डब्याची. पेटीबरोबर फुकट येणारा एस. एम. पी. एस. घेऊं नये. दुकानदार त्यावर मोठे आंकडे दाखवितो. तो हातीं घेऊन पाहावा, हलका लागला तर परत करावा, आणि नामांकित कंपनीचा वेगळा विकत घ्यावा. एक वेळ पेटी साधी चालेल, पडदा कोणाचा जुना चालेल, पण येथें काटकसर नको. चित्रांसाठीं वेगळें कार्ड लागूं नये म्हणून ज्यांत ती सोय अंगचीच आहे असा प्रोसेसर घ्यावा. रॅम महाग आहे. तेव्हां आठ जीबीची एकच पट्टी बसवून दुसरी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे भाव उतरल्यावर भर घालतां येईल. दोन पट्ट्यांनीं यंत्र अधिक चपळ होतें हें खरें. परंतु विद्यार्थ्याच्या कामास त्यावांचून अडत नाहीं. फिरत्या तबकडीऐवजीं एस. एस. डी. घेणें मात्र अवश्य.

दुसरी फसगत बिलाची. “सर, बिल कायले घेता? अठरा टक्के फुकट जातीन,” असें दुकानदार मोठ्या आपुलकीनें म्हणेल. जी. एस. टी. चे अठरा टक्के डोळ्यांस खुपतात, यांत शंका नाहीं. परंतु बिलावांचून हमी नाहीं, आणि हमीवांचून जुळविण्याचा अर्धा लाभ गेला. प्रत्येक भागाचें नांव, किंमत व अनुक्रमांक बिलावर निराळा लिहून घ्यावा. ‘संगणक संच, नग १’ एवढेंच लिहिलेलें बिल आम्ही बिल मानीत नाहीं.

तिसरी गोष्ट फसगतीची नव्हे, नीतीची आहे. दुकानदार ‘विंडोज’ फुकट भरून देतो. तें चोरीचें असतें. ज्या यंत्रावर मुलानें शिकावयाचें, त्याचा आरंभ चोरीनें व्हावा हें आम्हांस रुचत नाहीं. पैसे असतील तर रीतसर घ्यावें; नसतील तर ‘लिनक्स’ खरोखरीच विनामूल्य आहे, व लेखन, हिशेब, प्रोग्रामिंगचा अभ्यास यांस तें पुरेसें आहे. मराठी टंकलेखनहि त्यावर उत्तम होतें.

ज्यांची थैली अगदींच लहान, त्यांच्यासाठीं तिसरा मार्ग आहे. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक दुरुस्त करून विकले जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ चा सांभाळ कंपनीनें थांबविला, आणि ‘विंडोज ११’ साठीं इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर व ‘टी. पी. एम. २.०’ ही सोय लागते. त्यामुळें त्याहून जुनीं पण धडधाकट यंत्रें कचेऱ्यांना नकोशीं झालीं. आठव्या पिढीचें मिळाल्यास उत्तम. त्याहून जुनें असल्यास त्यावर लिनक्स घालावें. मात्र विशेष घाटाच्या डब्याची अडचण यांतहि आहे. म्हणून निमुळती पेटी टाळून उंच पेटीचें यंत्र घ्यावें, आणि विकणाऱ्यासमोर झांकण उघडून डबा नेहमींच्या मापाचा आहे कीं नाहीं तें पाहून मगच पैसे मोजावेत.

ज्या घरांत स्क्रूला हात लावणारें कोणी नाहीं, आणि शहर पांच-पन्नास मैल दूर आहे, त्यांनीं तयार यंत्रच घ्यावें, व शक्य तर हमी वाढवून घ्यावी. वसतिगृहांत जाणाऱ्या विद्यार्थ्यास लॅपटॉपच बरा. त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं.

यंत्र कोणतेंहि असो, घरांत कांहीं तयारी लागते. यू. पी. एस. शिवाय तें चालवूं नये, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनीं बदलावी लागेल हें हिशेबांत धरावें. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत जमीन तडकते, तिच्याबरोबर अर्थिंगचा खड्डाहि सुकतो. त्यांत अधूनमधून पाणी घालीत जावें. संगणक कूलरच्या झोतासमोर मांडूं नये. वाळ्याचा गारवा मनुष्यास सुखद असला तरी ती ओली हवा मदरबोर्डास बाधते. आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास राहणारांनीं महिन्यांतून एकदां झांकण काढून पंख्यावरची धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी.

जुळविण्याचें काम दुकानांतच होईल, तर मुलास अथवा मुलीस तेथें तासभर बसूं द्यावें. दुकानदारांस त्याची अडचण वाटत नाहीं असा आमचा अनुभव आहे. शेजाऱ्यांची ती मुलगी संगणक आणला त्या दिवशीं अशीच स्टुलावर बसून पाहत होती. मागाहून आणलेल्या एस. एम. पी. एस. चें बिल तिनें जाड पाकिटांत घालून देवघराच्या फळीवर ठेविलें आहे. त्याची हमी पांच वर्षांची असून २०२७ च्या मे महिन्यापर्यंत चालावयाची आहे.