पाहणी भर पावसात करा

जैसलमेरच्या किल्ल्याच्या तटाचा एक भाग ६ ऑगस्ट २०२४ रोजी पावसात ढासळून खालच्या रस्त्यावर आला. किल्ला बाराव्या शतकातला, भोवती थरचे वाळवंट. तिथली जुनी घरे तुटपुंज्या पावसाच्या हिशेबाने बांधलेली: लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जाड थर. ही माती उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण झड लागली की पाणी पिऊन जड होते आणि तुळई मोडते. किल्ल्यात आजही वस्ती आहे. नळ आल्यापासून सांडपाणी टेकडीत मुरत गेले, आणि टेकडीचा दगड मऊ.

आपला विजयदुर्ग तर पावसाच्याच मुलखातला. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या तटाचा काही भाग पडला. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. आनंदाचीच गोष्ट. आता निधी येईल, आणि तो आधी कशावर खर्च होणार याची आम्हाला काळजी वाटते.

तट कसा पडतो, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. दोन्ही अंगांना घडीव दगड, पोटात दगडमातीचा भराव. फांजीवरची फरसबंदी उखडली की पाणी भरावात उतरते. बाहेर पडायच्या वाटा माती आणि पिंपळाची मुळे बुजवतात. उरलेल्या आपण सिमेंटने दरजा भरून बंद करतो. मग दर्शनी दगडाला पोट येते आणि एका रात्री सगळे खाली येते. त्यात भर तापत्या हवेची: हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पूर्वी दिवसभर रिपरिपणारे पाणी आता दोन तासांत कोसळू लागले आहे. जुन्या पन्हळी त्या मापाच्या नाहीत.

इथे आपल्यातले अनेकजण अडखळतात. मूळ बांधणीत नसलेली पन्हळ बसवायची कशी? आमचे मत स्पष्ट आहे: बसवावी. चुन्यात, पुन्हा काढता येईल अशी आणि नोंद ठेवून. पडलेला तट नव्या दगडात उभारण्यापेक्षा मूळ रूपाशी ती कितीतरी इमान राखते. अंदाजपत्रकात निचऱ्याचे काम पहिल्या कलमात यावे. दरवाजे, दिवे आणि माहितीफलक त्यानंतर.

आणखी एक. आपल्या पाहण्या होतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भिंत कोरडी असताना. जुलैत जा. तटातल्या निचऱ्याच्या छिद्रातून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक; गढूळ येत असेल तर आतला भराव वाहून जातो आहे; आणि मुसळधार पावसातही छिद्र कोरडे असेल तर पाणी आत तुंबले आहे, त्याच दिवशी खालची वाट बंद करून माणसे हलवा. येत्या पावसाळ्यातल्या अशा नोंदी छायाचित्रांसह आमच्याकडे पाठवा. ऑक्टोबरच्या अंकात त्यांच्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.