लसीच्या रात्री घरात कोण?

लस टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसायचे, हा नियम 2021 साली रायपूरकरांच्या अंगवळणी पडला. मेकाहारा म्हणजे आंबेडकर रुग्णालय असो की वॉर्डातली शाळा, खुर्च्या मांडलेल्या, घड्याळाकडे डोळे लावून बसलेली मंडळी आणि ‘हो गया आधा घंटा’ म्हणत सोडणारी सिस्टर. नियमामागचे कारण पक्के होते. तीव्र अॅलर्जी आलीच तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येते आणि तेव्हा अॅड्रेनलिन हाताशी लागते. लसीनंतरच्या 31 गंभीर घटनांची छाननी केंद्र सरकारच्या समितीने केली. त्यात लसीशी थेट संबंध जोडता आला तो एकाच मृत्यूचा, 8 मार्च 2021 रोजी लस घेतलेल्या 68 वर्षांच्या गृहस्थांचा. कारण हीच अॅलर्जी.

पण वृद्धांच्या बाबतीत अडचण बहुतेकदा अर्ध्या तासात येत नाही. ती संध्याकाळनंतर येते.

समजा, तात्यापाऱ्यातले जुने घर आहे. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. घरात ऐंशीच्या आजी आणि त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, कमी ऐकू येणारे आजोबा. आजींना रात्री कणकण येते. कूलर लावला तर थंडी वाजते, बंद केला तर एप्रिलचा रायपुरी उकाडा. त्या क्रोसिन घेतात. दोन तासांनी आजोबा डबा चाचपून डोलो देतात, कारण गोळीचे नाव वेगळे, पाकीट वेगळे. दोन्हींत औषध तेच, पॅरासिटामॉल, हे पाकिटावर लिहिलेले असते खरे, पण रात्री एक वाजता बारीक अक्षर कोण वाचतो? अंगात ताप, पोटात अन्न नाही, मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली. पहाटे मोरीकडे जाताना भोवळ येते. यात लसीचा दोष फारसा नाही. उलट कोविशिल्डच्या चाचण्यांत ज्येष्ठांना तरुणांपेक्षा कमीच त्रास झाल्याचे दिसले होते. मात्र तरुण ज्या तापात पांघरूण ओढून झोपतो, त्याच तापात म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडू शकते.

मग त्या रात्री सोबत द्यायची कोणी?

सरकारने हा प्रश्न एकदा अगदी जवळून पाहिला होता, तोही उलट्या बाजूने. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्या, अशी याचिका 2021 च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली. केंद्राने नकार दिला. घरी अर्धा तास निरीक्षण कसे ठेवणार, काही झाले तर रुग्णालय गाठायला उशीर होईल, शिवाय दहा डोसांची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. हे आक्षेप हवेतले नव्हते. पण निरीक्षण जमत नाही म्हणून लसच नको, ही सावधगिरी ज्याला सर्वांत जास्त धोका त्यालाच दाराबाहेर ठेवत होती. महाराष्ट्राने योजना आखली, तर तिच्या मसुद्यात दुष्परिणाम होणार नाहीत अशी लेखी हमी कौटुंबिक डॉक्टरने द्यावी, अशी अट निघाली. अशी हमी कोणता डॉक्टर देईल? न्यायालयाने बोट ठेवल्यावर ती मागे पडली आणि जुलैअखेर मुंबईत घरोघरी लस सुरू झाली. केंद्रालाही सप्टेंबरात तीच वाट धरावी लागली.

छत्तीसगडजवळ त्या वेळीही स्वतःची एक जुनी व्यवस्था होती. मितानिन, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका. 2002 पासून चालत आलेली ही योजना ‘आशा’च्या आधीची. रायपूरच्या वस्त्यांतही मितानिन आहेत, दार ओळखणाऱ्या, औषधाची पेटी बाळगणाऱ्या. साहजिकच वाटते, दुसऱ्या दिवशी त्यांनीच फेरी मारावी. पण बाळंतपण, मलेरिया, क्षयाच्या गोळ्या, सर्वेक्षण, सगळे त्यांच्याच डोक्यावर आणि मोबदला बराचसा कामागणिक आणि तुटपुंजा. आणखी एक काम ‘सेवाभावाने’ गळ्यात मारणे सोपे आहे, न्याय्य नाही.

घरच्यांनी बघावे, असे म्हणणारेही चुकत नाहीत. पण मुले परगावी असलेली मराठी घरे चौबे कॉलनीत आणि बुढापाऱ्यात काही थोडी नाहीत. व्हिडिओ कॉलवर ‘बाबा, बरं वाटतंय ना?’ विचारले की ‘अगदी ठणठणीत’ हेच उत्तर मिळते. ते खरे आहे की नाही, हे खोलीत उभा असलेला माणूसच सांगू शकतो. राहिल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था. दिव्यांग मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाला चार स्वयंसेवक मिळणे अवघड नसावे. पण ओळखीपाळखीवर चालणारी मदत ओळख असलेल्यांपर्यंतच पोचते. झोपडपट्टीत एकटी राहणारी, कोणत्याच मंडळाची सभासद नसलेली म्हातारी त्या यादीत येत नाही.

दुसरीकडे, फार काळजी दाखवण्याचाही तोटा असतो, आणि तो या राज्याने पाहिला आहे. चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याची आकडेवारी येईपर्यंत कोव्हॅक्सिन पाठवू नका, असे फेब्रुवारी 2021 मध्ये राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री टी. एस. सिंहदेव यांनी केंद्राला कळवले. मागणीत तथ्य होते. पण पारावर पोचेपर्यंत तथ्याची अफवा होते. म्हणून काही डॉक्टर ज्येष्ठांना ‘काही होत नाही, जा’ एवढेच सांगतात. मला हे पटत नाही. कोविशिल्डनंतर गुठळ्यांचे प्रमाण देशात दहा लाख डोसांमागे 0.61 निघाले, आणि तरीही वीस दिवस धाप, छातीत दुखणे, पाय सुजणे यांवर लक्ष ठेवा, असे सरकारनेच सांगितले. त्याने लसीकरण थांबले नाही. ताप येईल असे आधी कळलेला माणूस तापाला घाबरत नाही. न कळलेला मात्र पुढच्या डोसला येत नाही.

आज विषय कोविडचा राहिलेला नाही. ज्येष्ठांना फ्लूची, न्यूमोनियाची लस सुचवली जाते. सरकारी लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके आणि गरोदर मातांचा, त्यामुळे ज्येष्ठ ती बहुतेकदा खिशातून पैसे मोजून खासगी दवाखान्यात घेतात. तिथे अर्धा तास बसवण्याचीही शिस्त असतेच असे नाही.

प्रत्येकावर पाळत ठेवायला माणसेही नाहीत आणि तशी गरजही नाही. सत्तर वर्षांचे, सकाळी बुढा तालाबला फिरायला जाणारे गृहस्थ स्वतःचे बघतील. एकटे राहणारे, अंथरुणावरचे, आणि दोघेही थकलेले जोडपे, एवढ्यांपुरते लसीच्या चिठ्ठीवर दोन ओळींचे काम आहे: आज रात्री घरात कोण झोपणार, त्याचा फोन नंबर, आणि सध्या चालू असलेली औषधे. रकाना रिकामा राहिला तर दुसऱ्या सकाळी मितानिनची एक भेट, आणि त्या भेटीचे पैसे तिच्या खात्यात. खासगी दवाखान्याने लस दिली असेल तर हा खर्च त्याने लसीच्या किमतीतच धरावा. यात एकच धोका मला दिसतो, आणि महाराष्ट्राचा मसुदा आठवून तो खरा वाटतो: रिकामा रकाना बघून एखादा कारकून ‘सोबत कोणी नाही, मग लस नाही’ म्हणेल. म्हणून आदेशात पहिले वाक्य हेच हवे की सोबत नसणे हे लस नाकारण्याचे कारण नाही.