माडाखालची हिरवी गोधडी

दोस्तांनो, परदेशी गोष्टींच्या पुस्तकांत व्हायोलेटची फुलं हमखास भेटतात. झाडांच्या गार सावलीत, जमिनीलगत पसरलेली, जांभळी नि लाजरी! आपल्या हिमालयातही ती फुलतात. तिथे त्यांना बनफशा म्हणतात. पण दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत, समुद्रकाठच्या दमट उकाड्यात ती लावली, तर बिचारी मान टाकतील.

मग माडा-पोफळींच्या सावलीतली जमीन उघडीच ठेवायची? छे! मातीला पांघरूण हवंच.

तुम्ही म्हणाल, डोक्यावर माडाचं छप्पर असताना मातीला पावसाची भीती कसली? गंमत इथेच आहे. झावळांवर पडलेलं पाणी पात्यांच्या टोकाशी गोळा होतं आणि त्याचे टपोरे थेंब बनतात. माड चांगले पंधरा-वीस मीटर उंच. एवढ्या उंचीवरून पडताना थेंबाला पुन्हा वेग येतो आणि तो उघड्या मातीवर दणकन आपटतो. मातीचे कण उडतात, पाण्याबरोबर वाहून जातात. दापोलीच्या पट्ट्यात वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याच्या उतारावर माती आधीच बेताची. गेलेली माती समुद्र काही परत आणून देत नाही!

म्हणून पांघरूण जमिनीलगतच हवं. ते घालणारी आपली देशी वनस्पती म्हणजे कारिवणा, ऊर्फ मंडूकपर्णी. विहिरीपाशी, पाटाच्या कडेला तुम्ही ती नक्की पाहिली असेल. लांब देठावर गोलसर, कातरलेल्या कडेचं पान. दिसायला थेट व्हायोलेटच्या पानासारखं. नात्यानं मात्र ती कोथिंबिरीची बहीण! तिची इवली गुलाबीसर फुलं पानांखाली दडलेली असतात. बरेच जण तिलाच ब्राह्मी म्हणतात. पण बारीक, मांसल पानांची दुसरी एक ब्राह्मीही असते, तेव्हा नावावरून फसू नका. आणि हो, ओळख पक्की नसताना कुठलंही पान तोंडात घालायचं नाही, बरं का!

लावायची कशी? अगदी सोपं. तिची खोडं जमिनीवरून सरपटतात आणि पेरापेराला मुळं धरतात. पावसाळ्यात दोन-तीन मुळं धरलेली पेरं असलेले तुकडे घ्या. एका जागचे सगळे उपटू नका. निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. वीतभर अंतरावर लावा आणि हातानं माती दाबा. मधल्या जागेत पातेरा पसरून ठेवा; तो जाळू नका. पाऊस सरला की पाटाचं किंवा आळ्यातलं पाणी मिळेल असं पाहा. अगदी काळोख्या कोपऱ्यात मात्र देठ लांबतात नि पानं विरळ होतात.

रोपवाटिकेत कुणी पिवळ्या फुलांचा वेडेलिया दाखवील. ‘झटपट पसरतो,’ म्हणेल. खरंच पसरतो, पण थांबत नाही! अमेरिका खंडातून आलेला हा पाहुणा जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. बागेतून निसटून ओढ्याकाठी गेला, की तिथल्या देशी झाडोऱ्याला जागाच उरत नाही.

व्हायोलेटच्या घराण्यातलं कुणीतरी हवंच आहे? मग वाडीच्या उन्हेरी कडेला रतनपुरुष उगवला, तर त्याला तण समजून उपटू नका. एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी दिसली, की समजा तोच! टॉनी कोस्टर नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या त्याची पानं खातात. त्यांना खाऊ द्या.

आता एक प्रयोग. पांढऱ्या फरशीचे दोन तुकडे घ्या. माडाखाली एक उघड्या मातीत आणि दुसरा कारिवण्याच्या दाट गालिच्यात उभा खोचा. जोराची सर येऊन गेली, की कुठल्या फरशीवर चिखलाचे शिंतोडे जास्त उडालेत ते पाहा आणि घरच्या मोठ्यांनाही दाखवा. मग वाडी झाडून लख्ख करायची की पांघरूण घालून ठेवायची, हे तुम्हीच त्यांना पटवून द्या!