कानासारखी चिप येईल तेव्हा येईल, कान आज वाचवा

श्रवणयंत्र घेऊन दिले तरी आजी ते वापरत नाही, डबीत घालून ठेवते, ही तक्रार वस्तीतल्या पुष्कळ घरांत असते. घरचे म्हणतात, म्हातारी हट्टी आहे. आजी म्हणते, यात नुसता गोंगाट होतो. माझ्या मते आजीचेच खरे आहे. स्वस्तातले साधे यंत्र सगळेच आवाज मोठे करते: सुनेचे बोलणे, मिक्सर, शेजारचा टीव्ही आणि बाहेरची रिक्षा. यातला हवा तो आवाज निवडायचे काम आपला कान आणि मेंदू मिळून करतात. आपल्याला ते जाणवतही नाही.

हेच काम यंत्राला शिकवायला शास्त्रज्ञ जवळजवळ चाळीस वर्षे झटत आहेत. अमेरिकेत रिचर्ड लायन आणि कार्व्हर मीड यांनी १९८८ मध्ये कानाच्या आतल्या शंखाची नक्कल करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट मांडले. मीड यांच्या विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड यांनी डोळ्याच्या पडद्याची तशीच नक्कल केली. आज मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही मेंदूवरून बेतलेल्या सर्किटांवर काम चालू आहे.

यातली युक्ती समजायला सोपी आहे. साधे यंत्र सेन्सरकडून येणारा आकडा क्षणाक्षणाला मोजत बसते, काही घडो वा न घडो. मेंदूच्या पेशी बहुतेक वेळ गप्प असतात. काही बदलले की एक छोटा विजेचा ठोका पुढे धाडतात. म्हणूनच आपला सगळा मेंदू सुमारे २० वॅटवर, म्हणजे एका एलईडी ट्यूबलाइटच्या विजेवर चालतो. ही नवी सर्किटेही तशीच, काम असेल तेव्हाच जागी होतात. आयबीएम कंपनीने २०१४ मध्ये दहा लाख कृत्रिम पेशींची चिप केली. ती सुमारे ७० मिलिवॅटवर, म्हणजे एका वॅटच्या चौदाव्या भागावर चालत होती.

अशी चिप श्रवणयंत्रात नीट बसली तर आपल्यासारख्यांचा मोठा फायदा आहे. बॅटरी लवकर संपणार नाही. मोबाइल किंवा नेट लागणार नाही. घरातले बोलणे बाहेरच्या कंपनीकडे जाणार नाही. पण एक अट आपण आतापासूनच घातली पाहिजे. शांत खोलीत पास झालेले यंत्र आपल्या गल्लीत नापास होऊ शकते. सरकार ज्या यंत्रांचे शिबिरात वाटप करील, त्यांची परीक्षा वस्तीच्या गोंगाटात आणि मराठी बोलण्यावर झाली पाहिजे.

तरीही माझा मुख्य मुद्दा दुसराच आहे. श्रवणयंत्र कितीही हुशार झाले तरी ते उरलेल्या कानालाच ऐकवते. जन्मतः प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या पार गेल्या तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करतात. त्याने बहिरे जन्मलेले मूल बोलू लागते, ही फार मोठी गोष्ट आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत त्याची चौकशी जरूर करा. पण त्या यंत्रात इलेक्ट्रोड किती, तर १२ ते २२. कुठे पंधरा हजार आणि कुठे बावीस!

असा अवयव आपण कसा वापरतो? कामगारांसाठी हिशेब असा धरतात: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. डीजेच्या भिंतीसमोर आवाज सहज १०० च्या पुढे जातो आणि तिथे आपली पोरे चार-चार तास नाचतात. बापाच्या खांद्यावर बसलेले तान्हे लेकरूही त्यात असते.

काही कार्यकर्ते विचारतील, इतरांच्या मिरवणुकीत डीजे चालतो, मग आमच्याच जयंतीला नियम कशाला? प्रश्न रास्त आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम पोलिसांनी सगळ्यांना सारखाच लावला पाहिजे, आणि तो हक्काने मागितला पाहिजे. पण केसपेशी मिरवणूक कोणाची ते पाहत नाही. बहिरे होणारे पोर आपलेच असते. लेझीम, ढोलकी, गायन पार्टी यांनी जयंतीची शोभा कमी होत नाही. डीजे लावायचाच असेल तर मंडळाने आवाज खाली ठेवावा आणि लहान मुले, गरोदर बाया व म्हातारी माणसे यांना भिंतीपासून दूर ठेवावे.

कामाच्या जागीही हेच. प्रेसवर, यंत्रमागावर, पत्रा ठोकायच्या कामावर जाणाऱ्यांनी ठेकेदाराकडे कानाचे बोळे किंवा मफ मागावेत. कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नका, दवाखाना गाठा. मोठ्या आवाजाने बाळ दचकत नसेल तर "बोलेल उशिरा" म्हणत वर्ष घालवू नका. सहा महिन्यांच्या आत तपासणी झाली तर उपायाला वेळ मिळतो.

नवी चिप आली तर तिचे स्वागतच करू. पण जगातल्या हुशार माणसांना चाळीस वर्षे ज्याची पुरी नक्कल जमली नाही, तो कान प्रत्येक लेकराला जन्मतः फुकट मिळालेला आहे. येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीआधी आवाजाचा विषय घ्या.