हप्ता दरमहा, कापूस वर्षातून एकदा



तालुक्याला १२ हजारांवर राबणारं पोरगं कर्जानं जुनी मोटार घेतं, तर त्याला उधळ्या म्हणू नका. शेतीत उरलं असतं, तर ते नोकरीला गेलंच नसतं. पण हिशेब मांडा. २ लाख कर्ज, ५ वर्षं, सरसकट १२ टक्के: व्याज १ लाख २० हजार, हप्ता ५,३३३ रुपये. मुद्दल फिटत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. घटत्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर २० टक्क्यांवर जातो!

खरा वार्षिक दर सांगणारा कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. सहीआधी तो मराठीत मागा. पोराच्या पगारात न बसणारा हप्ता शेवटी बापाच्या कापसातूनच जातो.